तापलेली हवा जाते कुठे?

शाळेत दोन वाक्यं सगळ्यांचीच पाठ झालेली असतात: उष्णता दिली की वायू प्रसरण पावतो, आणि गरम हवा हलकी होऊन वर जाते. दोन्ही खरी आहेत, पण अर्धीमुर्धी. घट्ट बंद केलेल्या डब्यातली हवा कितीही तापवली तरी ती प्रसरण पावत नाही, कारण पसरायला जागाच नसते. अंतराळस्थानकात गरम हवा वर जात नाही. सायकलच्या पंपातली हवा कुणी विस्तवावर न धरताही तापते, आणि डोंगरउतारावरून वर सरकणारी हवा कुणी गार न करताही गारठते. या सगळ्याचा हिशेब एकाच वहीत मांडायचा असेल तर दर वेळी एक प्रश्न विचारायचा: या वायूला पसरायला जागा आहे का, आणि ती जागा करून घेताना त्याला कुणाला ढकलावं लागतंय का? उत्तर बदललं की त्याच उष्णतेचा परिणाम बदलतो.

हवा म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, जेमतेम एक टक्का आर्गॉन आणि बाकी किरकोळ. आपल्या अवतीभवतीच्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, आणि तरीही ती जागा बहुतांश रिकामीच असते. हे रेणू सेकंदाला सरासरी ५०० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी १८०० किलोमीटर वेगाने सुसाट धावत असतात. पण मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग इतकं अंतर कापलं नाही तोच दुसऱ्या कुणावर तरी आपटतात. एकेका रेणूच्या वाट्याला सेकंदाला काही अब्ज टकरा येतात. खोलीच्या एका टोकाला अत्तराची बाटली उघडली की वास दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ का लागतो, याचं उत्तर इथे आहे. वेग अफाट, पण सरळ वाट कुणालाच मिळत नाही.

तापमान म्हणजे याच धावपळीचं मोजमाप. तापलेल्या भांड्याची भिंत आतून जोरात थरथरत असते. तिच्यावर आदळलेला रेणू आला होता त्यापेक्षा जास्त वेगाने परत फेकला जातो आणि पुढच्या टकरांमधून तो जादा वेग इतरांत वाटत सुटतो. थोड्या वेळात सगळ्या वायूची लगबग वाढते. थर्मामीटर दाखवतो तो हा वाढलेला आकडा. आणि दाब म्हणजे भिंतीवर बसणाऱ्या या असंख्य धडकांची बेरीज. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्येच वायूच्या दाबाचं हे चित्र रेखाटलं होतं. पण त्या काळी आणि पुढची अनेक दशकं उष्णता म्हणजे एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहणारा अदृश्य द्रव, अशीच बहुतेकांची समजूत होती, त्यामुळे त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. रेणूंच्या धावपळीचं गणित पक्कं व्हायला मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांच्यापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागलं.

आकडेमोडीत शिरण्याआधी एक अडथळा दूर करायला हवा. तापमान २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर हवा ‘दुप्पट गरम’ झाली का? मुळीच नाही. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याच्या सोयीनं ठरवलेलं शून्य आहे, हवेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. वायूंचं खरं शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे आणि केल्विनचं माप तिथून सुरू होतं. त्या मापाने २० अंश म्हणजे २९३ आणि ४० अंश म्हणजे ३१३. वाढ झाली जेमतेम सात टक्के. रेणूंचा सरासरी वेग तर तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो वाढला फक्त साडेतीन टक्के. आपल्या अंगाला जो फरक ‘सुखद’पासून ‘असह्य’पर्यंतचा वाटतो, तो रेणूंच्या हिशेबात इतका किरकोळ असतो.

आता जागा बंद आहे असं धरू. गाडीचा टायर घ्या. टायर थोडाफार फुगतो, पण रबराच्या आतल्या तारा आणि धाग्यांमुळे त्याचं आकारमान जवळपास कायम राहतं. सकाळी २५ अंशांना हवा तपासली आणि गेजने ३२ पीएसआय (हे दाबाचं एकक) दाखवले. दुपारी तापलेल्या रस्त्यावर लांब पल्ला गाठल्यावर आतली हवा ५५ अंशांवर गेली. केल्विनमध्ये २९८ वरून ३२८, म्हणजे दहा टक्के वाढ. मग गेज ३५ दाखवेल? इथे बरेच जण फसतात. गेज फक्त बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. बाहेरचा दाब १४.७ पीएसआय. तो मिळवला तर आतला खरा दाब ४६.७ होतो, त्याचे दहा टक्के वाढून ५१.४, आणि त्यातून १४.७ पुन्हा वजा केले की गेजवर दिसतात पावणेसदतीसच्या आसपास. टायरमधली हवा गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासावी असं सांगतात ते याचसाठी. ३२ हा आकडा थंड टायरसाठी ठरवलेला असतो. गरम टायरवर ३७ दिसले म्हणून घाबरून हवा सोडली, तर टायर गार झाल्यावर तो कमी हवेचा टायर असतो आणि मग तो जास्त घासतो, जास्त तापतो.

बंद भांड्यात नुसता वायू नसून थोडा द्रवही असेल तर मात्र हा सरळ हिशेब कोलमडतो. स्प्रेचे डबे आणि गॅसची सिलिंडरं या प्रकारात मोडतात. तिथे तापमान वाढलं की आहेत ते रेणू वेगाने धावतात एवढंच नाही, तर द्रवातून नवे रेणू वायूत दाखल होतात. २० अंशांवरून ४० वर जाताना नुसत्या वायूचा दाब सात टक्के वाढला असता. द्रवरूप प्रोपेनच्या वरच्या वायूचा दाब तेवढ्यात दीडपटीहून जास्त होतो. ‘उन्हात ठेवू नये, विस्तवाजवळ नेऊ नये’ ही डब्यावरची सूचना म्हणूनच गंभीरपणे घ्यायची. वाफेची गंमत अशीच, फक्त उलट दिशेने. पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी उकळून, तो वाफेने भरल्यावर झाकण लावून गार केला तर डबा चेपतो, हा प्रयोग अनेकांनी पाहिलेला असतो. त्याचं श्रेय सर्रास ‘हवेच्या आकुंचनाला’ दिलं जातं. नुसती हवा १०० अंशांवरून ३० पर्यंत गार केली तर दाब एक पंचमांशाहून कमीच उतरेल. डबा एवढा चेपतो तो आतल्या वाफेचं पाणी झाल्यामुळे, कारण त्या पाण्याला वाफेच्या सोळाशेव्या भागाइतकीही जागा पुरते.

जागा मोकळी असेल तर? मग दाब वाढत नाही, वायू पसरतो. जाक शार्लने १७८७ च्या सुमारास वेगवेगळ्या वायूंवर हे करून पाहिलं, पण छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्यूसॅकने स्वतःचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शार्लच्या जुन्या प्रयोगांची आठवण प्रामाणिकपणे नोंदवली, म्हणून नियमाला शार्लचं नाव मिळालं. नियम असा: दाब तोच राहिला तर वायूचं आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतं. आश्चर्याची गोष्ट म्हणजे हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो की नायट्रोजन, सगळे जवळपास सारखेच पसरतात. घन आणि द्रव पदार्थांत असं होत नाही, तिथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वायूत रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की ते कोणत्या जातीचे आहेत याने फारसा फरक पडत नाही.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे साधी खोली. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. आकारमान ३६ घनमीटर. २० अंशांना आत सुमारे ४३ किलो हवा असते (हवेला एवढं वजन असतं हेच पहिल्यांदा खरं वाटत नाही). हीटर लावून खोली ३० अंशांवर नेली. खोली हवाबंद नाही. दाराखाली फट आहे, खिडकीच्या चौकटीला भेगा आहेत. त्यामुळे आतला दाब बाहेरइतकाच राहतो, आणि पसरलेल्या हवेपैकी सुमारे १.४ किलो हवा गुपचूप बाहेर निघून जाते. आता खोलीतल्या हवेत एकूण ऊर्जा किती वाढली? शून्य. प्रत्येक रेणूची ऊर्जा तीन-साडेतीन टक्के वाढली, आणि रेणू नेमके त्याच प्रमाणात कमी झाले. वायूची आंतरिक ऊर्जा दाब गुणिले आकारमान यावर ठरते आणि ते दोन्ही जिथल्या तिथे आहेत. मग हीटरची ऊर्जा गेली कुठे? काही भिंती आणि सामानात मुरली, आणि हवेला दिलेली सगळी फटींतून बाहेरच्या जगाच्या खाती जमा झाली. आपल्याला ऊब वाटते, कारण त्वचेला तापमान कळतं, खोलीतल्या ऊर्जेची बेरीज कळत नाही.

पसरणाऱ्या हवेला भोवतालची हवा ढकलावी लागते आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. म्हणून मोकळी हवा तापवणं महाग पडतं. बंद भांड्यातली एक किलो हवा एक अंशाने तापवायला ७१८ ज्यूल पुरतात. तीच हवा मोकळेपणी पसरू दिली तर १००५ ज्यूल लागतात. जादा २८७ ज्यूल निव्वळ ढकलाढकलीचे. या दोन आकड्यांचं गुणोत्तर १.४ येतं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पसरली की हवा विरळ होते. एक घनमीटर हवेचं वजन २० अंशांना १.२ किलो असतं, १०० अंशांना ०.९५ किलो. फरक पाव किलोचा. माणसाने आकाशात पहिली झेप घेतली ती या पाव किलोच्या जोरावर. फ्रान्समधल्या मोंगोल्फिए बंधूंनी ४ जून १७८३ रोजी आपला फुगा जाहीरपणे उडवला, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद यांनी त्यांच्या फुग्यातून पॅरिसवरून उड्डाण केलं. गंमत अशी की फुगा धुराच्या अंगच्या गुणाने उडतो असा मोंगोल्फिए बंधूंचा समज होता, म्हणून ते भरपूर धूर होईल असं जळण वापरत. चुकीच्या कारणाने बरोबर यंत्र बनल्याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल. प्रत्येक घनमीटरमागे पाव किलोच उचललं जात असल्याने फुगा अवाढव्य लागतो. आजचा २८०० घनमीटरचा फुगा आतली हवा १०० अंशांवर असताना सुमारे ७०० किलो पेलतो, आणि त्यात फुग्याचं कापड, टोपली, बर्नर, सिलिंडर हे सगळं आलं.

पण विरळ हवा वर का जाते? तिला वर जायची हौस नसते. भोवतालची थंड, जड हवा गुरुत्वाकर्षणाने खाली ओढली जाते, खाली घुसते आणि गरम हवेला वर रेटते. म्हणजे खरं काम थंड हवा करते. गुरुत्वाचा परिणाम जाणवत नाही तिथे हा सगळा खेळ थांबतो. अंतराळस्थानकात मेणबत्तीची ज्योत निमुळती न होता गोलाकार होते, कारण तापलेले वायू वर उठत नाहीत आणि खालून ताजी हवा येत नाही. तिथे हवा खेळती ठेवायला पंखे सतत चालू लागतात. ते नसते तर झोपलेल्या अंतराळवीराने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचून राहिला असता.

हवा हलकी व्हायला उष्णता हे एकच कारण नसतं. दमट हवा आपल्याला ‘जड’ वाटते, पण ती त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. हायड्रोजनच्या अणूचं वजन १ धरलं तर पाण्याच्या रेणूचं वजन १८, हवेच्या रेणूंचं सरासरी २९. बाष्प येतं ते जड रेणूंची जागा घेऊन येतं. त्यात हवा जितकी गरम तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं, २० अंशांना घनमीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. म्हणून उष्ण आणि दमट हवा दुहेरी कारणाने वर उसळते.

विरळ हवेचा फटका विमानांनाही बसतो. ५० अंशांच्या हवेत १५ अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्के कमी वस्तुमान असतं. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, धावपट्टी जास्त लागते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सला पारा ४८ अंशांच्या पुढे गेला तेव्हा काही छोट्या विमानांची उड्डाणं रद्द करावी लागली. त्या विमानांच्या कामगिरीचे तक्ते तेवढ्या तापमानापर्यंत जातच नव्हते.

इथवर उष्णता बाहेरून येत होती. आता बाहेरून काहीच न देता हवा तापवायची आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा जोरात आत ढकला, चार-पाच वेळा. पंपाचं खालचं टोक चटकन गरम लागतं. दट्ट्या घासल्यामुळे असं होतं असं अनेकांना वाटतं, पण बहुतांश उष्णता हवा दाबल्यामुळे आलेली असते. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जास्त वेगाने परत जातो, आणि झेल घेताना हात मागे घेतले की चेंडूचा वेग मरतो. आत येणाऱ्या दट्ट्यावर आदळणाऱ्या प्रत्येक रेणूचं पहिल्यासारखं होतं, मागे सरकणाऱ्या दट्ट्यावर दुसऱ्यासारखं. दाबलेली हवा तापते आणि ढकलत पसरणारी हवा गार होते, त्याचं एवढंच कारण. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो तो याच जोरावर. हवा एकदम पंधरा-वीस पटींनी दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या पुढे जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं.

‘ढकलत पसरणारी’ यातला ‘ढकलत’ हा शब्द गाळून चालणार नाही. जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात दाबलेली हवा एका भांड्यातून शेजारच्या निर्वात भांड्यात सोडली. हवा दुप्पट जागेत पसरली, पण एकंदर तापमानात मोजता येण्यासारखा फरक पडला नाही. पलीकडे ढकलायला कुणीच नव्हतं, मग ऊर्जा खर्च होणार कशावर? फक्त प्रसरण झालं म्हणून वायू गार होत नाही. खऱ्या वायूंचे रेणू एकमेकांना किंचित ओढतात, त्यामुळे बारीक छिद्रातून सोडल्यावर ते थोडे गार होतात खरे. त्या ‘थोड्या’चं चक्र पुन्हा पुन्हा फिरवून कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवेचा द्रव बनवून दाखवला. नेहमीच्या तापमानाचा हायड्रोजन मात्र अशा वेळी गार व्हायच्या ऐवजी किंचित तापतो.

डोंगरमाथा सूर्याला जवळ असून थंड का, हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठे विषय बदलतात. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर असताना दोन-चार किलोमीटरची जवळीक हिशेबात धरायची नसते, हे पहिलं. दुसरं म्हणजे ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही; ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. ती तापलेली हवा वर निघते तसा भोवतालचा दाब कमी होत जातो. ती पसरते, पसरताना आजूबाजूच्या हवेला ढकलते, आणि ती ऊर्जा स्वतःच्या खिशातून देते. कोरडी हवा अशा रीतीने दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी गार होते. वाटेत बाष्पाचे थेंब होऊन ढग बनू लागले की त्यातून उष्णता सुटते आणि गार होण्याचा वेग मंदावतो. सगळं मिळून सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. हीच हवा पलीकडच्या उतारावरून खाली आली की दाबली जाऊन पुन्हा तापते, आणि पाऊस अलीकडेच पडून गेलेला असेल तर निघताना होती त्यापेक्षाही गरम होऊन पोचते. आल्प्समधला फॉन वारा तो हाच.

आणि आता ते १.४. आवाज म्हणजे हवेत पुढे सरकत जाणारी दाब-सैलीची लाट. न्यूटनने १६८७ मध्ये तिच्या वेगाचं सूत्र मांडलं, पण लाटेत हवा दाबली गेली तरी तिचं तापमान बदलत नाही असं गृहीत धरलं. त्या हिशेबाने शून्य अंशाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला २८० मीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो ३३१ भरतो. शंभरहून अधिक वर्षं ही तफावत तशीच राहिली. मग लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं की लाट इतक्या झपाट्याने जाते की दाबलेल्या हवेची उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. सायकलच्या पंपात होतं तसं हवा क्षणभर तापते, दाब जास्त चढतो आणि लाट जोरात पुढे ढकलली जाते. दुरुस्ती किती करायची, तर बंद आणि मोकळ्या हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या गुणोत्तराचं, म्हणजे १.४ चं वर्गमूळ घ्यायचं. ते १.१८ येतं. २८० ला त्याने गुणलं की ३३१.